नांगर, नग दोन

पावतीपुस्तकात अजून आहे, माझ्याच अक्षरात:
नांगर, लोखंडी, नग दोन.
बाबल कोयंडे, मालवण. ॲडव्हान्स हजार.
आणि हजारावर चहाच्या कपाचा गोल.

फोनवर आवाज तुटत होता.
मजबूत, एवढं कळलं. लवकर, एवढं कळलं.
बाकीचं गगनबावड्याच्या धुक्यात कुठंतरी राहिलं.
अब्बांनी कसला म्हणून विचारलंही नाही.
शाहूपुरीत, कुंभार गल्लीच्या तोंडाला, आमच्या पत्र्याखाली
शिकलगारांच्या तीन पिढ्यांना
नांगर म्हणजे नांगर:
फाळ, रुमणं, हाळीस,
आणि पुढं बैल नाहीतर ट्रॅक्टर, ज्याचं त्यानं बघावं.

बाबल आला तो टेम्पोतून, अंगाला सुक्या बांगड्याचा वास.
दोन्ही नांगरांभोवती एक फेरी मारली
आणि ऑइलच्या डब्यावर बसून
डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसला.
"अरे, हो शेतातलो! माका दर्यातलो होयो."
मग खडू मागितला, फरशीवर काढलं:
एक दांडा, वर कडी, खाली चार वाकडे दात,
चार विंचवांनी नांग्या एकत्र बांधाव्यात तसे.
मी म्हटलं, नांगीवरनंच नांगर असणार.
अब्बा म्हणाले, असंल बाबा.
बाबल म्हणाला, दर्याची नांगरट करता म्हणान नांगर.
तिघांचंही खरं वाटत होतं, चहा येईपर्यंत.

इंगवले मास्तर अडकित्त्याला धार लावायला आले होते.
चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले,
दोन वेगळे शब्द आहेत हे, नाती जुळवू नका.
एक लांगल. संस्कृतातला.
बैलांमागनं चालत चालत आला, चिखलाच्या पायानं.
दुसरा लंगर. फारसी.
तो जहाजावरनं उतरला, कुठल्यातरी बंदरात.
दोघांचाही ल वाटेत झिजला, न झाला.
मराठीनं दोघांना एकच खुंटी दिली.
आणि लंगर फारसीत कुठनं आला?
मास्तरांनी अडकित्ता उजेडात धरला.
ते भांडण अजून मिटलेलं नाही, म्हणाले.

अब्बा म्हणाले, लंगर आमच्यात दर्ग्यात असतो. जेवायला.
थोडा वेळ कुणी बोललं नाही.
भट्टीचा पंखा तेवढा फिरत होता.

चार दातांचे दोन झाले आठवड्यात.
बाबलनं कडीत बोट घालून वजन बघितलं,
जसं कुणी पोराला काखेत धरून बघतं.
मला त्यानं सांगितलं ते असं:
शेतातला माती फाडतो पुढं जायला,
आमचा माती धरतो, पुढं न जायला.
खडक असला तर? मी विचारलं.
तर सरकतो, म्हणाला. रात्रभर जागा राहायचं.
फोंड्याला संध्याकाळ होईल म्हणून निघाला.

शेतातले दोन दाराशीच राहिले.
गिऱ्हाईक मिळालं नाही, बैलच कमी झालेत.
एकावर मांजर झोपायचं, एकावर माझी छत्री.

मग त्या ऑगस्टात पंचगंगा गल्लीत आली.
कुंभारांच्या अर्धवट मूर्ती दारातनं निघाल्या,
रंग न दिलेले चेहरे, पाण्यावर उताणे.
आम्ही माळ्यावर. तिसऱ्या दिवशी एक होडी आली,
वल्हं मारणारा कुठल्या गावचा, विचारलं नाही.
धार ओढत होती. होडी भिंतीला ठरेना.
तो ओरडला, काय जड हाय का? बांधायला!
अब्बा छातीभर पाण्यात उतरले,
पायानं चाचपत गेले दारापर्यंत,
आणि दोर बांधला
रुमण्याला.

होडी एकदा झटकली, वळली, उभी राहिली.
पहिल्यांदा अम्मीला उतरवलं, मग शेजारच्या म्हातारीला,
मग माझं पावतीपुस्तक, प्लास्टिकच्या पिशवीत.

पाण्याखाली तो कुठला नांगर होता
हे मास्तरांना विचारायचं राहिलं.
पान अजून फुगलेलं आहे.
नग दोन वाचता येतं.
खाली शिल्लक लिहायची जागा
मी कोरीच ठेवली आहे.